अकरा काळे खडे

१७ नोव्हेंबर १९९७, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा भरली. चौथीचा वर्ग यंदा माझ्याकडे आहे आणि प्रीती याच वर्गात. शिष्यवृत्तीची परीक्षा पंधरा फेब्रुवारीला. बरोबर नव्वद दिवस.

वेळापत्रक करून भिंतीला लावलं. पहाटे पाच ते सहा मराठी. मग आंघोळ, नाश्ता. सात ते साडेनऊ गणित. शाळा सुटल्यावर बुद्धिमत्ता चाचणी. रविवारी पूर्ण सराव पेपर. पोरीला डोकं आहे, हे बाप म्हणून नाही, मास्तर म्हणून लिहितो. शाळेत ती मला गुरुजीच म्हणते, तसा नियमच घातला आहे. लेकीला झुकतं माप दिलं असं गडमुडशिंगीत कुणी म्हणता कामा नये.

मी चौथीत होतो तेव्हा अशी परीक्षा असते हे आमच्या गल्लीत कुणाला माहीतही नव्हतं. माझा मुद्दा एवढाच आहे.

आज गणिताला बसल्यावर पोट दुखतंय म्हणाली. मराठीला दुखलं नाही. नोंद करून ठेवतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

दुपारी मटण होतं. पोटभर जेवली आणि तीन वाजता पेपरला बसवली तर पोट धरून आडवी झाली. उजव्या बरगडीखाली हात ठेवून, "पप्पा, हितं दुखतंय, पाठीकडं जातंय." मी म्हणालो, उभी राहून सोडव. उभ्यानं पंचवीसपैकी चौदा सोडवली. पुढची दिसेनात म्हणाली.

विशाखा चुलीपुढून उठून आली. "आवं, पोरीच्या तोंडाकडं तरी बघा. पांढरीफेक पडल्या."

"अंगणवाडीतल्या पोरांचे लाड तिथं कर," मी म्हणालो. ती अंगणवाडीत सेविका आहे, तिला रडकं मूल दिसलं की उचलून घ्यायची सवय.

आईनं बेंबीत हिंग भरलं. मग पोरीची पापणी खाली ओढून बघत बसली. "कृष्णात, हिचं डोळं पिवळं दिसत्यात रं."

मी म्हणालो, आपल्या घरात सगळ्यांचेच तसे आहेत. खरंच आहे. माझेही आहेत. बाबांचे तर हळदीसारखे होते. लोक दारुडा म्हणायचे, आणि बाबांनी आयुष्यात थेंब घेतला नाही.

आई बराच वेळ पदराला हात पुसत राहिली.

४ डिसेंबर, गुरुवार

आज मारलं. लिहायला बरं वाटत नाही, पण इथं खोटं लिहायचं नाही असं डी.एड.ला असताना ठरवलं होतं.

दप्तरात पाटीवरच्या पेन्सिली सापडल्या. सात. सगळ्यांची टोकं कुरतडलेली. शेजारच्या बायडाबाई परवाच म्हणत होत्या, पेन्सिल खाणाऱ्या पोरांच्या पोटात चुना साठतोय. म्हणजे पोटदुखीचं कारण हे. विचारलं तर खाल्ली नाही म्हणाली. मग आत्ताच खाल्ली म्हणाली. खोटं बोलली म्हणून छडी. तीन.

सकाळी लघवी गडद पिवळी झाली असं विशाखा सांगत होती. पाणी कमी पीत असेल. सक्तीनं दोन तांबे पाजले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

विशाखानं मला न सांगता प्रीतीला कोल्हापूरला नेलं. अंगणवाडीची रजा टाकली, शाळेत निरोप धाडला की मामाच्या घरी गेलीय, आणि के.एम.टी.च्या बसनं थेट मंगळवार पेठ. तिथं डॉ. गुरुप्रसाद म्हणून मुलांचे डॉक्टर आहेत.

संध्याकाळी दोघी आल्या त्या सोनोग्राफीचा कागद घेऊन. पित्ताशयात खडे. एक नाही, अनेक.

मला आधी राग आला तो न विचारता गेली याचा. नंतर कागद वाचला. नऊ वर्षांच्या मुलीला पित्ताचे खडे? पन्नाशीतल्या जाड्या बायकांना होतात हे ऐकलं होतं. आमची पोर वीस किलो भरत नाही.

"पेन्सिली," मी म्हणालो.

विशाखा म्हणाली, "डॉक्टरांनी तुम्हाला बोलिवलंय." तिनं प्रीतीला दूध दिलं, साय काढून.

१५ डिसेंबर, सोमवार

अर्ध्या दिवसाची रजा काढून मंगळवार पेठेत गेलो. डॉक्टर माझ्याहून लहान असतील, पण बोलताना घाई नाही. मी पेन्सिलींचं सांगितलं. ते हसले नाहीत.

"गुरुजी, पेन्सिल खाल्ली तर ती आतड्यातून जाते, बाहेर पडते. पित्ताशयात जायला तिला वाटच नाही. आणि पेन्सिल, माती खायची इच्छा कशामुळं होते माहितीय? अंगात रक्त कमी असलं की बऱ्याचदा होते. हिचं हिमोग्लोबिन साडेसात आहे. तुमच्या घरात कुणाला कावीळ झाली होती?"

"नाही."

"लहानपणी कुणी दगावलं?"

"नाही."

"हिची पानथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागते. मोठी झाली आहे. मला वेगळा संशय आहे. लहान मुलात खडे उगीच होत नाहीत, मागं काहीतरी कारण असतं. एकतर रक्त, नाहीतर लिव्हर, नाहीतर एखादं मोठं दुखणं. रक्ताची आणखी तपासणी करू. खड्यांचं ऑपरेशनही लांबवू नये. एखादा खडा घसरून नळीत अडकला तर घरी बसता येणार नाही."

मी विचारलं, परीक्षा होईपर्यंत थांबलं तर? दोन महिने.

त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "मी थांबा म्हणणार नाही," म्हणाले.

येताना बसमध्ये मन अस्वस्थ होतं. मी नाही म्हणालो ते खरं नव्हतं. हौसा होती. माझी थोरली बहीण. बारा वर्षांची होऊन गेली, एकाहत्तर साली. तिला कावीळच झाली होती, सगळे तसंच म्हणायचे. पण ती गेली ती काविळीनं नाही, दवाखान्यात नेली नाही म्हणून. दोन दिवस पोर अंथरुणात होती आणि आई रानात भांगलणीला, तण काढायला जात होती. मी नऊ वर्षांचा, हौसाच्या उशाशी बसलेलो. तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून नेली ती वाटेतच गेली. मी आईला याबद्दल एक शब्द कधी बोललो नाही. पण विसरलोही नाही.

डॉक्टरांना हे सांगून काय उपयोग होता? तो अडाणीपणाचा काळ होता. रोग नव्हता तो.

२१ डिसेंबर, रविवार

ठरलं. ऑपरेशन परीक्षेनंतर. मुख्याध्यापक गणपतराव म्हणाले, त्यांच्या मेव्हण्याचा मूतखडा हुलग्याच्या पाण्यानं विरघळला. खडा तो खडा. उद्यापासून रोज सकाळी एक वाटी. तळलेलं, तेलकट बंद. रक्ताची तपासणीही एकदमच करू.

विशाखा चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. आज म्हणाली, "तुमची परीक्षा हाय का तिची?"

उत्तर तिलाही माहीत आहे. आपल्या पोरांना दुसरी संधी कुणी देत नाही.

९ जानेवारी १९९८, शुक्रवार

बारा दिवस दुखलं नाही. हुलगं लागू पडतंय. गणितात पंचवीसपैकी बावीस.

गणपतराव मधल्या सुट्टीत म्हणाले, "गुरुजी, तुम्हाला कावीळ झाल्या काय वो? डोळं बघा की आरशात." मी म्हणालो, जागरण. शाळेत असतानाही पोरं मला पिवळ्या म्हणायची. लहानपणी दर पावसाळ्यात अंगात कसकस यायची, मग आठवडाभर डोळे आणखी पिवळे. मोठं झाल्यावर कमी झालं. अशक्तपणा काही माणसांच्या पाचवीलाच पुजलेला असतो.

१ फेब्रुवारी, रविवार

माझंच पोट दुखलं. पित्त. दोन वेळा सोडा घेतला, भिंतीला टेकून बसलो. उजवीकडं, बरगडीखाली. प्रीती वहीतून डोळे वर करून बघत होती. "पप्पा, हितं दुखतंय का?" तिनं स्वतःच्या बरगडीला बोट लावून विचारलं.

मी म्हणालो, दुखलं तरी माणसानं काम सोडू नये. आणि उठून वर्गाच्या वह्या तपासल्या.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पहाटे पाचला उठवायला गेलो तर जागीच होती. गुडघे पोटाशी. "पप्पा, लई दुखतंय. कालपास्नं."

दोन दिवस राहिलेत, मी म्हणालो. फक्त दोन.

विशाखा म्हणाली, लघवी काळ्या चहासारखी झालीय. डोळ्यांचा रंग मलाही आज नेहमीपेक्षा जास्त वाटला. बराच जास्त. विशाखानं पिशवी भरली. मी दारात उभा राहिलो. एवढं सगळं केलेलं पाण्यात घालायचं का, म्हणालो. सोमवारी सकाळी पहिल्या गाडीनं नेतो, माझा शब्द आहे, म्हणालो. आवाज चढला असेल. बायडाबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं काय झालं म्हणून.

आई मधे पडली नाही. ती प्रीतीच्या उशाशी बसली होती आणि माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी कुणी दुसराच आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ, दवाखान्यातून

केंद्र कोल्हापुरातच होतं. पहिला पेपर दिला. मधल्या वेळेत काही खाल्लं नाही, पाण्याची बाटली कपाळाला लावून बसली. मी विचारलं, जमतंय का? मान हलवली. दुसरा पेपर दिला. बाहेर आली ती भिंतीला धरून धरून. म्हणाली, "शेवटची चार राहिली, पप्पा. आकडं हालत हुतं."

मग थंडी वाजायला लागली. भर दुपारी, उन्हात. दात वाजत होते. शाल घातली, माझा शर्ट घातला. रिक्षात तिचं अंग उडत होतं आणि तळवा विस्तवासारखा.

डॉ. गुरुप्रसादांनी दोन मिनिटांत सर्जनकडं नेलं. खडा नळीत अडकलाय, वर पित्त तुंबून त्यात पू झालाय. रक्तदाब लागत नव्हता. कधीपासून दुखतंय, त्यांनी विचारलं.

"परवापासून," मी म्हणालो.

"चार दिवस झालं," विशाखा म्हणाली. "गुरुवारपास्नं. तुमाला शुक्रवारी सांगितलं तिनं."

आत नेली आहे. विशाखा भिंतीकडं तोंड करून उभी आहे. मी लिहितो आहे, कारण हाताला दुसरं काही करता येत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

जिवंत आहे.

पोटातून एक नळी बाहेर काढली आहे, तिच्यातून पित्त बाटलीत गळतं. रक्ताच्या तीन बाटल्या दिल्या. पहिले दोन दिवस डॉक्टर आमच्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलत नव्हते. आज बोलले. आज तिनं पाणी मागितलं, विशाखाकडं.

सर्जननी खडे एका छोट्या बाटलीत घालून दिले. अकरा. मी मोजले. नऊ मिऱ्याएवढे, दोन तुरीच्या डाळीएवढे. मला वाटलं होतं पांढरे असतील. कोळशासारखे काळे आहेत, वेडेवाकडे, चमकतात.

४ मार्च, बुधवार

डॉ. गुरुप्रसादांनी आम्हा दोघांना खोलीत बसवलं. एक खडा कागदावर ठेवून चमच्यानं दाबला. कुरकुर करून फुटला, काळा भुगा झाला.

"बघा. ही तुमची पेन्सिल नव्हे गुरुजी. हे रक्त आहे."

मग समजावून सांगितलं. मी एरवी वर्गाला सांगतो तसं. रक्तातल्या तांबड्या पेशी चपट्या असतात, मधे खोलगट, म्हणून वाकून कुठूनही निसटतात. प्रीतीच्या पेशी चेंडूसारख्या गोल आहेत. चेंडू वाकत नाही. पानथरीतल्या बारीक फटीतून जाताना फुटतो. चांगली पेशी चार महिने जगते, हिची दोनतीन आठवड्यांत संपते. रोज एवढं रक्त फुटलं की त्यातला पिवळा रंग लिव्हरला आवरत नाही. तो पित्तात उतरतो, कॅल्शियमला धरून घट्ट होतो आणि त्याचा असा काळा खडा बनतो. मोठ्या माणसांचे खडे पुष्कळदा चरबीचे असतात, पिवळट. हे तसले नाहीत. हिनं काय खाल्लं, काय प्यायली, याचा काही संबंध नाही. हुलग्याचाही नाही.

"सात पेन्सिलींचा?" विशाखानं विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"रक्त कमी म्हणून खात होती. खडे त्यानं झाले नाहीत."

जन्मापासूनचं आहे म्हणाले. बहुतेक वेळा आईकडून किंवा बापाकडून येतं, दोघांपैकी एक पुरे. दोघांचंही रक्त घेतलं. पुण्याला पाठवणार. मिठाच्या पाण्यात घालून बघतात. पाणी थोडं अळणी केलं की गोल पेशी आधी फुटतात.

विशाखाचा भाऊ किरकोळ आहे, दम लागतो त्याला. तिच्याकडूनच असावं. आमच्याकडं सगळे राबणारे.

२८ मार्च, शनिवार

माझं आहे.

विशाखाचं रक्त साफ. माझ्या पेशी गोल. डॉक्टरांनी लगेच माझ्या पोटावर हात ठेवून बघितला आणि म्हणाले, पानथरी इथपर्यंत आहे, गुरुजी, एवढी वर्षं तुम्हाला कुणी सांगितलं नाही? माझीही सोनोग्राफी झाली. माझ्याही पित्ताशयात खडे आहेत. तो सोडा, ते भिंतीला टेकून बसणं, ते सगळं तेच.

पुन्हा विचारलं त्यांनी, घरात कुणी लहानपणी दगावलं?

मी सांगितलं. हौसा, बारा वर्षं. वडील, पिवळे डोळे, पंचेचाळिसाव्या वर्षी.

ते लिहून घेत होते. "तुम्ही डिसेंबरात नाही म्हणाला होता," असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

विशाखाला घरी येईपर्यंत एक शब्द बोलता आला असता, "तुमच्याकडचं निघालं," एवढाच. बोलली नाही. स्टँडवर प्रीतीसाठी दोन संत्री घेतली आणि बसमध्ये सोलून एक फोड माझ्या हातावर ठेवली.

आईला अजून सांगितलेलं नाही. काय म्हणून सांगायचं?

१७ मे, रविवार

पानथरी काढली. त्याआधी लस टोचली होती, ती मुंबईहून मागवावी लागली. आता पेशी गोलच राहतील, पण फुटणार नाहीत. रक्त आत्ताच दहाच्या वर गेलं. डोळे पांढरे झालेत. लेकीच्या डोळ्यांचा खरा रंग मी नऊ वर्षांनी बघितला.

डॉक्टरांनी निघताना एकच गोष्ट तीनदा सांगितली. पानथरी जंतूंशी लढते. ती आता नाही. रोज गोळी द्यायची, आणि ताप आला, थोडा का असेना, दिवस असो रात्र असो, तासाभरात दवाखाना. सकाळी बघू म्हणायचं नाही. मग तिच्याकडं वळून म्हणाले, "प्रीती, बरं वाटेना तर लगेच सांगायचं. सांगशील ना?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हो म्हणाली.

२० जून, शनिवार

शिष्यवृत्तीचा निकाल लागला. पाच मार्कांनी गेलं. तिला सांगितलं तर म्हणाली, "ती शेवटची चार राहिली म्हणून." मी म्हणालो, जाऊ दे. मला वाटतं तिनं ऐकलं नाही. त्या संध्याकाळी ती सहावीचं गणिताचं पुस्तक मागून आणून सोडवत बसली. अजून पाचवीतच आहे. अभ्यासाला बस असं मी तिला फेब्रुवारीपासून एकदाही म्हणालेलो नाही. आता सांगावंच लागत नाही. शहाणी झाली पोर. कसलीही तक्रार नाही. एकदाही नाही.

६ ऑगस्ट, गुरुवार. दवाखाना

पहाटे आईनं हाक मारली. हाक नाही, ओरडलीच. प्रीती तिच्याशेजारी निजते. आईचा हात पोरीच्या पाठीवर पडला आणि चटका बसला. १०३. डोळे अर्धवट उघडे. उशीखाली ओला टॉवेल होता, घडी घालून ठेवलेला. ताप आल्याचं तिला कळलं होतं. आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. टॉवेल भिजवून तिनं स्वतःच कपाळावर ठेवला, कोरडा झाला की पुन्हा भिजवला, आणि कुणाला सांगितलं नाही.

गल्लीतल्या जोतीरामच्या दुधाच्या टेम्पोतून आणली. मी मागं तिला मांडीवर घेऊन, कॅनच्या मधे. डॉक्टर दारातच होते. सलाईन, इंजेक्शनं, पुन्हा इंजेक्शनं. दुपारी एकला ते बाहेर आले आणि खुर्चीत बसले. "आणखी दोन तास उशीर झाला असता तर मी तुम्हाला काही सांगू शकलो नसतो," म्हणाले.

संध्याकाळी शुद्धीवर आली. डॉक्टरांनी विचारलं, बाळ, का नाही सांगितलंस? ठरलं होतं ना आपलं?

तिनं ओठ ओले केले. मी पायथ्याशी होतो.

"आज चाचणी हुती," ती म्हणाली.

८ ऑगस्ट, शनिवार

ताप उतरला. वाचली म्हणतात डॉक्टर.

दुपारी आई आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. विशाखा आत होती. मी आईला सांगितलं. मार्चपासून साठलेलं सगळं सांगितलं. की हे रक्त आमच्या बापाकडचं, माझ्यात आहे, माझ्यातून प्रीतीत आलं. की हौसाला हेच होतं, कावीळ नव्हे. तिला खडाच अडकला असणार किंवा असंच काहीतरी. त्या वेळी गडमुडशिंगीत कुणाला कळलं नसतं. "तुझी चूक न्हवती आई," मी म्हणालो. घरातली भाषा तोंडात आली.

आई समोर बघत होती. "चूक हुती असं कुणी म्हटलं हुतं?"

"मी कधी म्हटलं न्हाई," मी म्हणालो.

"तू कधी म्हणाला न्हाईस. पर हौसा गेल्यापास्नं तू माझ्याकडं पाणी मागून घेतलं न्हाईस. नऊ वर्साचा हुतास. तान लागली की सोता उठून माठाकडं जायाचास. अजून जातोस." तिनं पदर सारखा केला. "मला काय कळत न्हवतं व्हय?"

बाकावरून उठावंसं वाटलं. उठलो नाही.

मग तिनं विचारलं, "पोरगी तुला सांगत हुती न्हवं? दुखतंय म्हणून?"

"व्हय."

"किती येळा?"

मी मोजू लागलो. वहीत सगळं लिहिलेलं आहे, तारखेनिशी. "पुष्कळ," म्हणालो.

"हौसा सांगत न्हवती," आई म्हणाली. "मी रानात गेले न्हाय तर सांजची चूल पेटायची न्हाय, हे तिला ठावं हुतं. म्हणून दात आवळून पडायची. मी इचारलं की म्हणायची, बरं वाटतंय, जा तू. मी जायाची. मला कळलं तवा ती बोलायची थांबलीती." आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "माझीनं सांगितलं न्हाय रं कृष्णात. तुझी सांगत हुती."

समोर एक बाई पोराला कडेवर घेऊन पाठ थोपटत फेऱ्या मारत होती. आई म्हणाली, "आता तुझीबी सांगंना झाल्या. ते बघ आधी."

३० ऑगस्ट, रविवार

घरी येऊन दोन आठवडे झाले. रोज सकाळी आणि संध्याकाळी मी थर्मामीटर लावतो. ती तोंड उघडते, जीभ उचलते, दोन मिनिटं हलत नाही. मी विचारतो, काही दुखतंय? ती म्हणते, न्हाई. पारा सांगतो ते लिहून ठेवतो. आज ९८.४.

वेळापत्रक भिंतीवरून काढलं. खिळा राहिला. गणिताचं पुस्तक कपाटावर ठेवलं तर स्टूल घेऊन काढून आणलं तिनं. मी म्हणालो, खेळायला जा. ती अंगणात जाऊन उभी राहिली, मी आत वळल्यावर परत आली.

परवा तिला जवळ बसवून म्हणालो, प्रीती, माझं चुकलं. तू खरं सांगत होतीस, मी ऐकलं नाही. हे वाक्य मी आठ दिवस मनात घोळवलं होतं. ती म्हणाली, "असू द्या, पप्पा." आणि माझा हात थोपटला, मोठ्या बायका थोपटतात तसा.

आज दुपारी मी बाहेरच्या सोप्यात आडवा झालो होतो. झोपलो असं समजून दोघी आत बोलत होत्या. आई तांदूळ निवडत होती, निवडल्याचा आवाज येत होता.

"आजे," प्रीती हळू म्हणाली. "माझा दात दुखतोय."

"कंचा?"

"मागचा. हालतोयबी. पर पप्पांना सांगू नगंस."

तांदळाचा आवाज थांबला. मला वाटलं आई आता मला हाक मारेल. तिनं मारली नाही. "आ कर," म्हणाली. "हां. दुधाचा हाय, पडंल आपोआप. दुखलं की मला सांगायचं. राती दुखलं तर रातीबी उठवायचं."

"व्हय."

"सांगशील न्हवं?"

"तुला सांगीन."

मी उठून आत जाणार होतो. पाय खाली टेकवले होते. मग परत उचलले आणि भिंतीकडं कुशीला वळून झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलो. आत तांदूळ पुन्हा सुपात पडायला लागले. तिनं कुणाला तरी सांगितलं होतं.